दोन सूत, तीन सूत

दुकानासमोर मोटारसायकल लावून गुरुजी आत आले आणि स्टुलावर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ट्रॉलीत एसी बसतो का रे?"

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र होता. रस्त्याने खानदेशातली माणसं झेंडे घेऊन सप्तशृंगी गडाकडे पायी चालली होती. मला वाटलं, गुरुजी डाळिंबाच्या मालासाठी गारवा विचारतायत. म्हटलं, "त्याला एसी नाही चालायचा, कोल्ड रूमचं मशीन लागेल."

"मालासाठी नाही. माणसांसाठी. मी आणि तुझी काकू."

मग त्यांनी खिशातून चौकटीच्या कागदाची वही काढली. सोळा फूट लांब, सात फूट रुंद, साडेसहा फूट उंच. आत एक पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. पुतण्याच्या पिकअपला मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, सुट्ट्या मुलांच्या लग्नकार्यांत आणि कांद्याच्या लागणीत गेल्या. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते पेपरात वाचल्यापासून हे त्यांच्या डोक्यात होतं. आरटीओकडे ट्रॉलीची वेगळी नोंद करावी लागते, हे सगळं त्यांनी विचारून ठेवलं होतं. अडलं होतं ते एका गोष्टीवर. आदल्या वर्षी मे महिन्यात काकूंना ऊन लागलं होतं आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. शेजारी मालेगावचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा आमच्या देवळ्यात काही हिमालय नसतो. डॉक्टरांनी उन्हाला जपा असं सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले, "ती सोबत नसेल तर मला कुठेच जायचं नाही."

त्यांनीच मला चौथीत बेरजा-वजाबाक्या शिकवल्या. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण होय म्हणतानाही पोटात गोळा आला, कारण मी आजवर जे काही बसवलं ते भिंतीवर बसवलं होतं. विटेची भिंत, तिला भोक, भोकात नळी, बाहेर ब्रॅकेट. भिंत जागची हलत नाही, हे मी कधी वेगळं मोजलंच नव्हतं.

ट्रॉली गावातल्याच एका कारागिराने बांधली होती. त्याचा हात कांद्याच्या ट्रॉल्यांवर बसलेला. चौरस पाइपचा सांगाडा, खाली चॅनल, पाटे ट्रकच्या तोलाचे, वर पत्रा आणि आतून प्लाय. दुपारी तीनला आत गेलो आणि छताच्या प्लायला हात लावला तर तळहात टेकवून ठेवता येईना. मी गुरुजींना म्हटलं, "यात दीड टनाचं मशीन टाकलं तरी ते दिवसभर फक्त हा पत्रा थंड करेल. आधी पत्र्याला अस्तर पाहिजे." दहा दिवस काम थांबलं. प्लाय काढून दोन इंची पफ पॅनेल लागलं, छताला बाहेरून पांढरा रंग दिला. त्याच वेळी, त्याच उन्हात पुन्हा हात लावला, तेव्हा छत नुसतं कोमट लागलं. त्यानंतर एक टन पुरेल असं मी सांगितलं.

"टन म्हणजे? मशीनचं वजन?"

गिऱ्हाइकं हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. मी आयटीआयमध्ये शिकलो होतो ते सांगितलं. पूर्वी गारवा बर्फाच्या लाद्यांनी करत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढं काम करणारं मशीन एक टनाचं. टन अमेरिकेतला, दोन हजार पौंडांचा, म्हणजे 907 किलो. गुरुजींनी लगेच वही उघडली. एक किलो बर्फ वितळायला 80 किलोकॅलरी. 907 गुणिले 80, भागिले 24. उत्तर आलं, ताशी तीन हजार तेवीस किलोकॅलरी. विजेच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट.

"आणि हे मशीन वीज किती खातं?"

"फुल चाललं तर एक किलोवॅटच्या आसपास. खोली थंड झाली की तीनशे-चारशे वॉटवर येतं, इन्व्हर्टरवालं आहे."

गुरुजी पेन तोंडात धरून बराच वेळ गप्प बसले. एक खर्चून साडेतीन कसे मिळतात, हे त्यांना पटत नव्हतं. मी म्हटलं, मशीन थंडी बनवत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतं. बनवायचा खर्च वेगळा, वाहून न्यायचा वेगळा. ते एकदम म्हणाले, "म्हणजे हमाल. उमराण्याच्या मार्केटातला हमाल कांदा पिकवत नाही, पण ट्रक भरतो." तेव्हापासून माझ्या हाताखालची पोरं बाहेरच्या युनिटला हमालच म्हणतात.

परदेशात अशा गाड्यांच्या छतावर ठेवायचे एसी मिळतात, याचे व्हिडिओ गुरुजींच्या मुलाने पाठवले होते. मी स्प्लिटच धरून बसलो. छतावरच्या मशीनचं ओझं बरंच असतं, आवाज मोठा, आणि त्याचा सुटा भाग कुठे मागवायचा? स्प्लिट एसी तालुक्या-तालुक्याला विकला जातो. उद्या सांगलीत बिघडला तर सांगलीतला कोणीही मेकॅनिक उघडून बघेल. गाडीत बसवलेल्या मशीनची वॉरंटी मात्र धरून चालू नका, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

आता हमालाला उभं कुठे करायचं? कारागीर म्हणाला, मागे, बंपरवर. तिथे जागा मोकळी होती. पण मागे वीस-पंचवीस किलोचं ओझं, तेही टोकाला, म्हणजे गाडी उलाळ होणार. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांचे पाय सुटतात. पिकअपमागच्या ट्रॉलीचंही तेच, फक्त वेग जास्त, म्हणून ती डुलायला लागते. एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के वजन पुढच्या हुकावर यायला हवं. म्हणून आम्ही युनिट पुढच्या तिकोनी दांड्यावर घेतलं, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागून हवा घ्यायला वाव. कांद्याची चाळ जमिनीपासून दोन फूट उचलतात आणि चार फुटांपेक्षा रुंद होऊ देत नाहीत, ते हवेसाठीच. कोंडला की कांदा सडतो आणि एसी गुदमरतो.

दांड्यावर वेल्डिंग चाललं होतं तेव्हा शेजारच्या गॅरेजचा माणूस येऊन उभा राहिला. "काय करी राह्यना रे भो?" म्हणाला. सांगितलं तर हसला नाही. पाटे वाकून बघितले आणि युनिटच्या पायाखाली जाड रबरी बुश टाक, नट नायलॉकचे घे, असं सांगून गेला. ट्रकची कामं करणारा माणूस. हादऱ्याचं ज्ञान त्याला माझ्याहून जास्त होतं. मी रबर टाकलं, नट घेतले. त्याच्या बोलण्यातला उरलेला अर्धा भाग मला तेव्हा कळला नाही. तो महिनाभराने कळला.

आतलं युनिट टांगणं सोपं नव्हतं. पफ पॅनेलला फास्टनर धरत नाही, नुसता स्क्रू हादऱ्याने सुटतो. सांगाड्याच्या दोन पाइपना आडवी पट्टी वेल्ड करून तिच्यावर आरपार बोल्ट मारले. ते युनिट पलंगाच्या डोक्याशी न घेता पायथ्याशी घेतलं. नळ्यांचा एकही जोड आत, गॅसच्या शेगडीजवळ येऊ दिला नाही. हल्ली भरला जातो तो आर-32 हलका का होईना, पेट घेणारा गॅस आहे, आणि ज्योतीवर गेला तर विषारी वाफा होतात.

मग नळ्या. दोन सुताची आणि तीन सुताची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नळी कापायची, आतली कड घासायची, टोक फुलासारखं उमलवायचं. त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. तो फ्लेअर किंचित तिरपा झाला तरी गॅस महिनाभराने का होईना वाट शोधतो. त्या दिवशी मी सहा फ्लेअर कापून टाकले. हाताखालचा पोरगा वैतागला. घराच्या कामात मी त्यातले चार चालवून घेतले असते, हे मला तिथेच, कटर हातात असताना जाणवलं.

नळ्या जोडून व्हॅक्यूम पंप लावला. याच्याविषयी मला थोडं बोलायचं आहे. नव्या नळीत हवा असते आणि हवेत दमटपणा. तो आत राहिला तर तेलाशी मिसळून कॉम्प्रेसर आतून खातो. पंपाने सगळी हवा ओढून काढायची, गेजवर पाचशे मायक्रॉनच्या खाली न्यायचं, मग पंप बंद करून काटा वर चढत नाही ना ते बघायचं. पाऊण तास जातो. मी शिकाऊ होतो तेव्हा बाहेरच्या युनिटमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून द्यायची पद्धत होती. दोन मिनिटांत काम उरकायचं. मे महिन्यात दिवसाला सात-आठ मशीनं बसवायची असतात तेव्हा पाऊण तास कुणाकडे असतो? गिऱ्हाईक थंड हवा लागली की खूश. चार-पाच वर्षांनी कॉम्प्रेसर गेला तर दोष कंपनीचा नाहीतर व्होल्टेजचा. मीही अशी कामं केली आहेत. किती, ते मोजता येणार नाही, आणि त्या भिंतींमागे आता बघता येणार नाही.

गुरुजी पाऊण तास पंपाशेजारी खुर्ची टाकून बसले. पाणी बाहेर कसं येतं, ते द्रव असेल तर, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दाब इतका कमी होतो की नळीतलं पाणी याच हवेत, विस्तव न लावता उकळून वाफ होतं. ते म्हणाले, "हिमालयात डाळ शिजत नाही, तेच हे." मग म्हणाले, "मी तीस वर्षं हे पोरांना फळ्यावर सांगितलं. दिसलं आज."

विजेचा हिशेबही त्यांच्याच वहीत झाला. 48 व्होल्टची शंभर ॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे 4.8 युनिट. थोडी राखून, इन्व्हर्टरची घट धरून रात्री चार-सव्वाचार युनिट हाताला लागतात. खोली थंड झाल्यावर सरासरी चारशे-साडेचारशे वॉट धरले तर झोपेपासून पहाटेपर्यंतची सोय. छतावर 540 वॉटच्या दोन पॅनेल लांबीला लांबी लावल्या तर सोळा फुटांत बसतात, आणि आपल्याकडच्या उन्हात त्या दिवसाला चार-पाच युनिट देतात. दिवसाची कमाई रात्रीचा खर्च. गुरुजींना हे गणित फार आवडलं.

अडचण काकूंनी दाखवली. त्या चहा घेऊन आल्या, छताकडे बघून म्हणाल्या, "पण मग गाडी उन्हातच उभी करायची का? झाडाखाली नाही?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. माणसाला लिंबाची सावली हवी आणि पॅनेलला ऊन. ज्या दुपारी एसी सगळ्यात जास्त लागणार त्याच दुपारी हे दोघं एका जागी उभे राहू शकत नव्हते. शेवटी एकच पॅनेल छतावर पक्की केली, दुसरी स्टँडवर सुटी ठेवून तीस फूट वायर दिली. गाडी सावलीत, पॅनेल दूर उन्हात. बाकी दुपारचा भार जिथे मुक्काम असेल तिथल्या विजेवर.

तिथे आणखी एक गोष्ट समोर आली, आणि मला वाटतं या सगळ्या कामात जिवाच्या दृष्टीने तीच मोठी होती. गाडी गुरुजींच्या मळ्यात उभी करून विहिरीच्या खोलीतून वीज घेतली. माझा पोरगा अनवाणी होता. लोखंडी पायरीवर पाय ठेवला आणि झटक्यात मागे झाला. "मुंग्या आल्या." टेस्टर लावला तर पूर्ण सांगाड्यावर करंट. मशीनमध्ये बिघाड नव्हता. इन्व्हर्टरच्या सर्किटमधून थोडा करंट नेहमीच अंगावर येतो, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत उतरतो. त्या खोलीच्या बोर्डात अर्थिंगची पिन होती, पिनेमागे वायरच नव्हती. आणि गाडीची चाकं रबराची. घर होतं, पण त्याला जमीन नव्हती.

त्याच संध्याकाळी गाडीत तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला आणि लोखंडी सळई, हिरवी वायर, हातोडा यांचा संच करून दिला. जिथे थांबाल तिथे आधी सळई ठोका, तिच्या बुडाशी पाणी घाला, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, मगच बोर्डात पिन. काकूंनी हे काम स्वतःकडे घेतलं. सकाळी त्या सळईला तांब्याभर पाणी घालतात, तुळशीला घालावं तसं.

प्रवासात समोरचा वारा पंख्यात घुसून त्याला उलटा फिरवतो आणि त्याने सर्किट जाऊ शकतं, म्हणून ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडून युनिटला रेक्झिनची टोपी शिवून घेतली. टोपी घातली की आतल्या स्विचला लाल फीत बांधायची, म्हणजे चुकून चालू होणार नाही.

यात्रेची गर्दी ओसरल्यावर ते पहिल्यांदा निघाले. कळवणवरून नांदुरी, ट्रॉली पायथ्याला ठेवून गड, मग परत. पुढच्या आठवड्यात भावडबारी घाटातून चांदवडकडे. मशीन छान चाललं. तिसऱ्या खेपेनंतर गुरुजींचा फोन आला. "पंखा फिरतो, हवा गार नाही."

गेज लावला तर गॅस जवळपास संपलेला. साबणाचा फेस लावत गेलो. तीन सुताच्या नळीच्या फ्लेअरशी, नटाच्या अगदी मानेला, केसाएवढी चीर. फ्लेअर चांगला होता. चूक माझी, वेगळीच. युनिट रबरावर उभं, म्हणजे ते रस्त्यावर डोलणार. नळी मी नटापासून सहा इंचांवर सांगाड्याला क्लँपने घट्ट आवळली होती, घरात आवळतो तशी, नीट दिसावी म्हणून. एक टोक डोलतंय, एक जखडलेलं, आणि सगळं वाकणं त्या सहा इंचांत. तांबं मऊ असतं पण मार खाऊन कठीण होतं. मठारकाम करणारा तांबट म्हणूनच भांडं अधूनमधून भट्टीत तापवून मऊ करून घेतो. माझ्या नळीला रस्ता रोज मठारत होता, तापवणारं कुणी नव्हतं. गॅरेजवाल्याने रबर सांगितलं ते याचसाठी की मशीन हलू दे. मी मशीनला हलायला मोकळीक दिली आणि नळीला दिली नाही.

दोन्ही नळ्या नव्या घातल्या. या वेळी युनिटजवळ ताटाएवढं पूर्ण वेटोळं दिलं, आडवं, कारण उभं दिलं तर कॉम्प्रेसरचं तेल त्यात साचून राहतं. पहिला क्लँप वेटोळ्याच्या पुढे, तोही रबर घालून. पुन्हा पाऊण तास व्हॅक्यूम. गॅस काट्यावर वजन करून, पाटीवर लिहिल्याप्रमाणे. पैसे घेतले नाहीत. गुरुजी देत होते.

त्यांनी विचारलं, गेलेल्या गॅसचं काय झालं? हवेत गेला. अर्धा किलो. या गॅसचा एक किलो 675 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, हे मला ठाऊक होतं, कधी गुणाकार केला नव्हता. त्यांनी केला. तीनशे सदतीस किलो. डिझेलच्या मापात सव्वाशे लिटर. त्यांनी आकडा वहीत लिहिला, मला काही बोलले नाहीत. मी मात्र त्या रात्री आधीच्या सगळ्या वर्षांच्या दोन मिनिटांत "ढकलून दिलेल्या" गॅसचा विचार करत पडलो होतो. आता दुकानात मे महिन्यात दिवसाला चारच मशीनं घेतो. पाचव्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशीचा वेळ देतो, काही जण दुसरीकडे जातात.

त्या पावसाळ्याआधी ते दोघं पुतण्याला घेऊन कोकणात गेले. रात्री साडेनऊला गणपतीपुळ्याहून फोन. आतल्या युनिटमधून पाणी पलंगावर टपकतंय. देवळ्यात एप्रिलात हवा इतकी कोरडी की दिवसभरात ड्रेनच्या नळीतून तांब्याभर पाणी पडायचं, म्हणून मी उतार एकाच बाजूला दिला होता. समुद्राकाठची हवा वेगळी. तिथे मशीनची बरीच ताकद नुसतं पाणी काढण्यात जाते, आणि गाडी उलट्या बाजूला कललेली.

"गुरुजी, ओट्यावर काठोकाठ भरून तांब्या ठेवा. पाणी कोणत्या बाजूने सांडतं?"

"दाराच्या."

"मग दाराकडच्या चाकाखाली फळी घाला. दुसऱ्या कडेने सांडायला लागलं की थांबा."

फोन चालूच होता. पुतण्याचा आवाज, पिकअप सुरू झाल्याचा आवाज, मग काकूंचा, "अजून थोडं, अजून, बास." पाच मिनिटांनी गुरुजी परत फोनवर आले. ड्रेनच्या नळीखाली त्यांनी बादली ठेवली होती. सकाळी सहाला त्यांचा मेसेज आला, रात्रीत पाऊण बादली. मोजपट्टी उभी धरून फोटोही काढला होता. ते परतल्यावर मी ट्रेला दुसऱ्या बाजूनेही नळी काढून दिली, आणि वेटोळं हाताने चाचपून बघितलं. मऊ होतं.